अर्धी अर्धी वाफ

नाळ मागायची म्हणजे काय, ते मागून बघितल्याशिवाय कळत नाही. रक्त मागितलं तर लोक निदान विचार करतात. पण ऑपरेशन थिएटरच्या दाराशी एक आजी उभी आहे, आत सुनेचं सिझर चाललंय, नातू झाला की नात हेही तिला अजून ठाऊक नाही, आणि तिला जाऊन म्हणायचं, आजी, बाळाची नाळ आम्हाला द्याल का? कडेगावकडच्या एका आजींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, की बाई, तू नर्स हायस का करणी करणारी?

सही बाळाच्या आईची आधीच घेतलेली असायची. पण आपल्याकडं सुनेची सही म्हणजे अर्धीच सही. उरलेली अर्धी दाराशी उभी असते, डोक्यावर पदर घेऊन.

मी सांगलीतल्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून आयुष्य काढलं. बहुतेक काळ बाळंतिणींच्या वॉर्डात, आणि शेवटची काही वर्षं संशोधन विभागात. यंदा निवृत्त झाले. या अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा बजावलं होतं, की दिवाळी आहे, जरा हलकंफुलकं येऊ द्या. प्रयत्न करते. हलकं जेवढं होतं तेवढं आधी सांगून टाकते, कारण पुढं ते फारसं नाही.

आधी नाळ कशाला लागायची ते सांगायला हवं. आपलं शरीर पेशींचं बनलेलं, हे शाळेत शिकलेलं असतं. पण प्रत्येक पेशी आपल्या अंगातून अतिशय बारीक कण बाहेर सोडत असते, हे मला नोकरीच्या उतरणीला कळलं. आपण शेजारी झाकून वाटी पाठवतो ना, तसंच ते. वाटीत भाजीच्या जागी निरोप असतो: तुझी भिंत पडलीय ती बांधून घे, किंवा आता पुरे कर, शांत हो. डॉक्टर लोक त्यांना एक्सोसोम म्हणतात. आम्ही वॉर्डात नुसतं ‘कण’ म्हणायचो. बाळाच्या नाळेत जो चिकट गर असतो, त्यातल्या पेशी म्हणे असे शांत करणारे निरोप पाठवण्यात फार पटाईत.

आता न्यूमोनिया. व्हायरस छातीत उतरला की तो नासधूस करतोच. पण पुष्कळदा त्याच्यापेक्षा जास्त नासधूस आपलं शरीरच करतं. एका चोरामागं अख्खं गाव काठ्या घेऊन धावावं, चोर निसटावा आणि कौलं मात्र गावाचीच फुटावीत, अशी गत होते. फुप्फुसात पाणी भरतं, श्वास पुरत नाही. कोरोनात हे आपण सगळ्यांनी बघितलं, आणि इतर तापांतही होतं. तर तिथं हे शांत करणारे कण पोचवले तर काठ्या खाली येतील का, असा तो अभ्यास होता. आम्ही पाठवलेल्या नाळेतल्या पेशी पुण्याच्या प्रयोगशाळेत वाढवायच्या, त्या ज्या पाण्यात वाढल्या ते पाणी गाळून, प्रचंड वेगानं फिरवून त्यातले कण वेगळे करायचे, गोठवायचे, आणि त्या कुप्या परत आमच्याकडं यायच्या. आम्ही त्या वितळवून पेशंटला मास्कमधून हुंगायला द्यायचो. ती वाफ नव्हेच, गार तुषार असतात. पण सांगली-साताऱ्याकडं नाकातोंडातून घ्यायचं ते सगळं वाफच.

ही कल्पना मी घरी सांगितली तेव्हा माझे सासरे जेवत होते. आम्ही जैन, शेतकरी माणसं. त्यांनी हात थांबवला आणि विचारलं, त्या कणांत जीव असतो का? मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरबाईंना विचारलं, म्हणजे हा अभ्यास ज्यांच्या हाताखाली चालायचा त्यांना. त्यांना प्रश्न फार आवडला. कणाला स्वतःचा जीव नाही, तो वाढत नाही, एकाचे दोन होत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मी घरी येऊन तसंच सांगितलं. सासऱ्यांनी विचारलं, आणि पेशींना? त्यांना असतो, म्हटलं. ते म्हणाले, नाळ तशीही टाकूनच देतात, तेव्हा कर. पण पानावर बसल्यावर हा विषय नको.

टाकूनच देतात हे शहरातलं झालं. गावाकडचे लोक वार, म्हणजे नाळेच्या टोकाशी असतो तो मांसल गोळा, अजून मागून घेतात आणि घराजवळ पुरतात. हॉस्पिटलवाले नियम दाखवतात, घरचे हात जोडतात, आणि शेवटी कायकाय करून ती पिशवी गावाला जाते. माणूस जिथं पुरला तिथला नव्हे, नाळ जिथं पुरली तिथला. मी यावर एक तोडगा काढला होता: वार तुमची, नाळ आमची. डॉक्टरबाईंनी तो रीतसर मंजूर करून घेतला. कडेगावच्या त्या आजींना तो पटला. जाताना मला म्हणाल्या, आमचं आर्दं पोर पुण्याला धाडलंस बघ.

पटला नाही तो एका रिटायर सुभेदारांना. त्यांचं म्हणणं असं, की माझी नाळ गावात पुरली होती म्हणून उभी नोकरी बर्फात काढून मी गावातच परत आलो. नातवाची पुण्याला पाठवली तर तो पुण्यालाच जायचा. मी म्हटलं, सुभेदारसाहेब, नाळ द्या नाहीतर देऊ नका, नातू पुण्यालाच जाणार आहे. खो खो हसले, पण नाळ काही दिली नाही.

आणि एक गिऱ्हाईक तर असं, की मी अजून आठवून हसते. मार्केट यार्डातले हळदीचे मोठे व्यापारी. त्यांनी मोबाईलवर जाहिरात बघितली होती, की या कणांनी डोक्यावर केस उगवतात. एक कुपी द्या, मागाल ती किंमत देतो, म्हणून केबिनच्या दाराशी ठाण मांडून बसले. आमच्या कुप्या विकायच्या नसतात, हे त्यांना पटेना. मी विचारलं, शेठ, पोत्यात हात न घालता कधी हळद घेतलीय का? छे, म्हणाले, मुळीच नाही. मग ज्या बाटलीत काय आहे ते कुणी तपासलेलं नाही, ती डोक्याला कशी लावता? तर म्हणतात, "सिस्टर, हळद धंद्याची हाय. टक्कल घरचं हाय."

हसले, पण वाईटही वाटलं. ज्या गोष्टीचा गुण येतो की नाही हे आम्ही इतक्या काटेकोरपणे तपासत होतो, तीच गोष्ट गल्लीबोळातली दुकानं चेहऱ्याला लावायला विकत होती. लोकांना दुकानदार खरा वाटतो, कारण तो ‘नक्की’ म्हणतो. आम्ही म्हणायचो, ‘अजून ठाऊक नाही.’ एवढं खरं बोलणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?

आता ते सांगते ज्यासाठी खरं तर लिहायला बसले.

उंब्रजजवळच्या एका गावातून एकाच घरातल्या दोन जावा आमच्याकडं आल्या. थोरली शालन, पन्नाशीच्या आसपासची, साखरेचा त्रास असलेली. धाकटी स्वाती, तिशीतली. दोघींना एकाच तापानं गाठलं होतं आणि दोघींच्या छातीत न्यूमोनिया उतरला होता. स्वातीचं माहेर सांगलीचं म्हणून इकडं आणलं. बरोबर शालनताईंचे मालक. त्यांना घरात सगळे आबा म्हणायचे, म्हणून मीही आबाच म्हणू लागले. स्वातीचा नवरा फौजेत, लांब सीमेवर, रजा मिळेपर्यंत फोनवर तोंड दाखवणारा. स्वातीची लेक जेमतेम चालायला शिकलेली, ती आजोळी ठेवली होती. स्वाती जास्त आजारी होती. शालनताई बसून बोलत होत्या, स्वातीला एक वाक्य पुरं करताना दोनदा थांबावं लागत होतं.

डॉक्टरबाईंनी अभ्यासाबद्दल विचारायला मला पाठवलं. मी आबांना आणि त्या दोघींना समजावलं, की सगळी नेहमीची औषधं, ऑक्सिजन, सगळं मिळणारच. त्यावर ही एक वाफ जादा. पण काही पेशंटना वाफेत कण असतात आणि काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते लांबचा कॉम्प्युटर चिठ्ठी काढून ठरवतो. कुपीवर आवरण असतं, मलाही कळत नाही, डॉक्टरांनाही नाही.

बहुतेक लोक इथं चिडतात, की आजारी माणसाला पाणी पाजता व्हय? आबा चिडले नाहीत. त्यांच्या उसात एका खत कंपनीनं असलं काम केलं होतं. अर्ध्या तुकड्याला खत, अर्ध्याला नाही. ते म्हणाले, सगळीकडंच खत घातलं तर गुण खताचा का पावसाचा, कळायचं कसं? मला इतकं बरं वाटलं. शिकलेल्यांना समजावताना घसा कोरडा पडायचा, आणि या माणसाला क्षणात उमगलं.

पण त्यांना उमगलं ते त्यांच्या उसासारखं. एक तुकडा असा, एक तसा. मी सांगितलं होतं, की प्रत्येकीची चिठ्ठी वेगळी निघते, एकीचा दुसरीशी संबंध नाही. त्यांनी मान डोलावली. दोघी जावांनीही डोलावली. मान डोलावली म्हणजे कळलं असं नसतं, हे नर्सला ठाऊक असतं, आणि तरी आपण पुढं जातो, कारण पुढचं काम उभं असतं.

तुषारांबरोबर व्हायरसही हवेत उडतो. म्हणून नियम असा, की मास्क लावायचा, यंत्र सुरू करायचं, आणि आम्ही काचेच्या बाहेर यायचं. काचेतून लक्ष ठेवायचं. दोघी एकाच खोलीत, शेजारच्या पलंगांवर होत्या. पहिल्याच दिवशी शालनताईंनी काचेवरचा पडदा ओढून घ्यायला लावला. कारण काचेपलीकडं आबा उभे. स्वातीचे ते थोरले दीर. खोकून खोकून केस सुटलेले, डोक्यावर पदर ठरत नाही, अशा अवस्थेत दिरासमोर पडून राहायला त्या मुलीचा जीव नको नको व्हायचा. त्यात वावगं काहीच नव्हतं. माझ्या सासरीही तीच रीत होती. मॉनिटरचे आकडे बाहेर दिसत होते, म्हणून मी पडदा ओढला.

असे काही दिवस गेले. एकदा वाफ संपल्यावर मी आत गेले, तर शालनताई पलंगाच्या काठावर बसून धापा टाकत होत्या. ऑक्सिजनची नळी गळ्यात लोंबत होती. मी रागावले, की उठायचं नाही म्हणून सांगितलंय ना? त्या म्हणाल्या, उठायला लागतंय, धाकटीला खोकल्यात जमत न्हाई, मग मुस्की मीच बदलते. बैलाच्या तोंडाला बांधतात ते मुस्कं. कोरोनापासून आमच्याकडं मास्कला तोच शब्द.

मी विचारलं, काय बदलता?

"आवं, दोगींत एकीचंच खरं हाय न्हवं का? मग कुणाचं का आसंना. आर्दी वाफ झाली की तिचं मुस्कं मी लावते, माजं तिला. आर्दं आर्दं. आमच्या घरात केळं बी दोगींत मोडूनच खातो आमी."

त्यांच्या आवाजात चोरी नव्हती. उलट मला हे आधीच सुचायला पाहिजे होतं, असा भाव होता. मी तिथंच खुर्चीवर बसले. इतकं आवरण, इतकी कुलपं, लांबचा कॉम्प्युटर, आणि या बाईनं घरच्या रीतीनं सगळं वाटून टाकलं होतं. खरं सांगते, क्षणभर मला हसू आलं. दुसऱ्या क्षणी ते हसू मावळलं.

का मावळलं, ते सांगते. दोघींच्या छातीत दोन्ही कुप्या गेल्या, तर कुणाला काय दिलं आणि कशाचा गुण आला, हे सांगता येणार नाही. आणि ते लपवून ‘हिला हे दिलं, तिला ते दिलं’ असं कळवलं, तर ते खोटं पुढं जाणार. त्या खोट्यावर विसंबून उद्या कुठल्या तरी गावातल्या कुणाच्या तरी छातीवर उपचार होणार. नियम स्पष्ट होता: त्याच दिवशी कळवायचं. आणि कळवलं की बहुधा दोघींची वाफ बंद.

मी शालनताईंना हे समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सोपं उत्तर दिलं, की मग सांगू नगा. मी म्हटलं, सांगावं लागेल. तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. स्वातीकडं एकदा बघितलं. तिचा डोळा लागला होता. मग माझा हात धरून हळू आवाजात म्हणाल्या:

"मग आसं सांगा, की मी तिचं चोरून घेतलं. मला काढा. तिचं चालू ठेवा. पोर लय बारकी हाय तिची."

बाहेर येऊन मी हात धुतले आणि धूतच राहिले. त्या दोघी सोडल्या तर ठाऊक होतं ते फक्त मला. मी गप्प बसले असते, उद्यापासून पडदा उघडा ठेवला असता, तर कुणालाही कळलं नसतं. आणि त्या औषधात गुण असेल तर? तर मी एका एवढ्याशा लेकराच्या आईचं औषध तोडायला निघाले होते, कागदावरचं खरं राहावं म्हणून. मला त्या अभ्यासाचा राग आला, त्या दोघींचा आला, आबांच्या त्या खत कंपनीचासुद्धा आला. मग मी डॉक्टरबाईंकडं गेले आणि होतं तसं सांगितलं. शालनताईंनी सांगितलं होतं तसं नाही. जसं घडलं तसं.

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी वर फोन केले. निरोप आला: दोघींची वाफ थांबवा, बाकीचे उपचार जसेच्या तसे चालू, आणि शेवटपर्यंत देखरेख. मी आत जाऊन सांगितलं. स्वाती रडायला लागली, आणि रडल्यानं तिचा श्वास आणखी लागला. शालनताईंनी भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

पुढं जे झालं ते कुणाच्याच अंदाजातलं नव्हतं. स्वाती सावरायला लागली. हळूहळू, एकेक पायरी, पण सावरली. आणि शालनताई, ज्या बसून बोलत होत्या, ज्या उठून मुस्की बदलत होत्या, त्या घसरल्या. साखर आवरेना, मग दुसरा संसर्ग, मग व्हेंटिलेटर. डॉक्टरबाईंनी शर्थ केली. शालनताई वाचल्या नाहीत.

कुणाला वाटेल, नर्सला मरणाची सवय होते. होते की. पण एखादं मरण असतं, की ते सवयीत बसत नाही. मी सांगितलं म्हणून वाफ बंद झाली आणि ही बाई गेली, एवढंच माझं मन म्हणत होतं. डॉक्टरबाईंनी मला चारचौघांत सांगितलं, की सिस्टर, तुम्ही केलं तेच बरोबर. बरोबर होतं, हे मलाही ठाऊक होतं. बरोबर असण्यानं काही हलकं होत नाही, हेही तेव्हाच कळलं.

आबांनी मला एकच विचारलं, खरं कुणाचं हुतं? मी म्हटलं, आबा, देवाशपथ, इथं कुणालाच ठाऊक नाही, सगळा अभ्यास संपेपर्यंत उघडता येत नाही. त्यांनी मान हलवली, पण मी लपवतेय असंच त्यांना वाटलं असणार. मृतदेह गाडीत ठेवल्यावर ते परत माझ्याकडं आले आणि म्हणाले, दोन तुकड्यांतला बांध आमीच फोडला बाई, तुमी जिवाला लावून घिऊ नगा. ज्याची बायको गेली तो माणूस माझी समजूत काढत होता. मला तिथं उभं राहवेना.

मग स्वातीचे फोन सुरू झाले. आधी तब्येतीचं विचारायची, मग लेकीचं सांगायची, आणि शेवटी तेच: उघडलं का? तिच्या मनात एकच गोष्ट रुतली होती. खरं औषध आक्कांच्या वाट्याला आलं असेल, तर त्यातलं अर्धं आपण खाल्लं आणि आक्का गेल्या. शालनताईंना ती आक्का म्हणायची. नवरा समजावून थकला. ती पोळ्या लाटता लाटता थांबते आणि बघतच राहते, असं आबांनी मला एकदा फोनवर सांगितलं. तिला ते कळल्याशिवाय जगणं अवघड झालं होतं. आणि तिचा फोन ठेवला की मलाही.

मी निवृत्त झाले. नंतर काही काळानं डॉक्टरबाईंचा फोन आला. सगळ्या ठिकाणचा अभ्यास संपला होता, चिठ्ठ्या उघडल्या होत्या. औषधाचं काय, असं मी आधी विचारलं, कारण इतकी वर्षं त्याच्यासाठीच नाळा मागत फिरले होते. आशा वाटावी असं काही दिसतंय, पण छातीवर हात ठेवून सांगावं इतकं नाही, आणखी मोठा अभ्यास लागेल, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, उंब्रजच्या जावांचं उघडलंय. दोघींच्याही चिठ्ठीत मिठाचं पाणीच होतं.

दोघींच्याही.

फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मला इतकं हलकं वाटलं, की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडंभर पाणी प्यायले. मी कुणाचं औषध तोडलं नव्हतं. आणि लगेच स्वतःची लाज वाटली. एक बाई आजारी अंगानं, नळी गळ्यात टाकून, रोज उठत होती, मुस्की बदलत होती, श्वास घालवत होती, मिठाच्या पाण्यासाठी. आणि मला हायसं वाटत होतं.

हे फोनवर सांगायचं नव्हतं. मी एसटीनं उंब्रजला उतरले, आबा मोटरसायकल घेऊन आले होते. घर शेतातच. पुढच्या सोप्यात बसवलं, चहा आला. स्वाती अंगानं भरली होती, चेहऱ्यावर रंग होता. पदर डोक्यावर घेऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, दीर समोर होते म्हणून. मी आडवळणं न घेता सांगितलं.

आबांना पटेना. दोगींत एक तरी खरं आसणार हुतं न्हवं, असं म्हणाले. मी पुन्हा सांगितलं, की चिठ्ठ्या वेगवेगळ्या निघतात, आणि त्यावेळी सांगितलं होतं. या खेपेला त्यांनी मान डोलावली नाही, म्हणून मला खात्री झाली, की आता त्यांना कळलंय. मग पाण्याची पाळी आलीय, उसाला धरायचंय, असं पुटपुटत शेताकडं निघून गेले.

स्वाती खाली बसली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा माझ्यासारखीच सुटल्यासारखी होईल. तिनं आधी वेगळंच विचारलं: तवा तुमाला ठाऊक आसतं की नुसतं पाणी हाय, तर मुस्की बदलल्याचं न सांगता गप बसला आसता का? मी विचार करून म्हटलं, नाही, तरीही सांगितलंच असतं. ती म्हणाली, मग बरं.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, स्वाती, आता ते ओझं टाक. तू आक्कांचं काही खाल्लं नाहीस. त्यांनी तुला दिलं ते मिठाचं पाणी होतं.

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू इतकी वर्षं हॉस्पिटलात घालवून मला साधी गोष्ट कळत नव्हती.

"न्हाई सिस्टर," ती म्हणाली. "पाणी तुमी दिलंसा. आक्कांनी मला औषध दिलं."